'माझ्या धर्मात बसत नाही' : एका जुन्या सबबीचा इतिहास

अमेरिकेत कुणा बेकरीवाल्याने समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार दिल्याची बातमी आली, की आपल्याकडचे काही कार्यकर्ते म्हणतात, "हे खात्यापित्या लोकांचे भांडण आहे. वस्तीतल्या माणसाला त्याचे काय?" अभ्यासवर्गात हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र केकपासून सुरू होत नाही. ते सुरू होते भाजलेल्या डुकराच्या मांसापासून.

दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात मॉरिस बेसिंजर नावाच्या गोऱ्या माणसाची 'पिगी पार्क' नावाची हॉटेले होती. गाडीत बसून खायची, रस्त्याकडेची. काळ्या माणसालाही तिथे खायला मिळे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पैसे द्यायचे, पुडके घ्यायचे आणि चालू लागायचे. तिथे थांबून खायची मुभा नव्हती. हॉटेलाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या ज्या पिढ्यांनी स्वतः विसळली, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

२ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेले, खाणावळी, चित्रपटगृहे यांत वंश, रंग, धर्म पाहून सेवा नाकारणे बेकायदा ठरले. ॲन न्यूमन या काळ्या बाईंनी बेसिंजरला कोर्टात खेचले. बेसिंजरने अनेक बचाव मांडले. त्यातला एक असा, की हा कायदाच देवाच्या इच्छेविरुद्ध आहे आणि तो पाळायला लावणे म्हणजे माझ्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. खालच्या कोर्टाने सांगितले, तुला हवे ते मान, पण तुझे मानणे दुसऱ्याच्या हक्कावर पाय देऊन चालवता येणार नाही. १९६८ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा मुख्य वाद वकिलाच्या फीचा उरला होता. धर्माच्या या बचावाला न्यायालयाने निकालात परिच्छेदसुद्धा दिला नाही. एका तळटीपेत तो उघडउघड पोकळ ठरवून विषय संपवला.

ही तळटीप लक्षात ठेवा.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९६७ मध्ये, लव्हिंग दांपत्याचा निकाल लागला होता. नवरा गोरा, बायको काळी. व्हर्जिनिया राज्यात असे लग्न गुन्हा होता. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश लिओन बझील यांनी लिहिले होते, की देवाने वेगवेगळ्या वंशांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, यावरूनच त्याला मिश्रण नको होते हे दिसते. वर्णसंकराच्या भीतीवर उभी राहिलेली स्मृती आपल्याकडे दोन हजार वर्षे चालली. बझीलसाहेबांनी ती वाचली असण्याचे कारण नाही, पण तर्क शब्दाला शब्द जुळतो. १९८३ मध्ये त्याच दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाचे प्रकरण आले. हे ख्रिस्ती विद्यापीठ वेगळ्या वंशाच्या मुलामुलींना एकमेकांसोबत फिरू देत नव्हते, कारण बायबल. सरकारने त्याची करसवलत काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सरकारला बरोबर ठरवले. विद्यापीठाने ती बंदी उठवली २००० साली. म्हणजे करसवलत गेली तरी आणखी सतरा वर्षे त्यांनी ती जपली. श्रद्धा खोटी नव्हती, हे यावरून कळते.

श्रद्धा खोटी नव्हती हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आज नेमके उलटे सांगितले जाते. वंशवादी लोक धर्माचे ढोंग करत होते, आजचा बेकरीवाला मात्र प्रामाणिक आहे, म्हणून त्याला सूट द्या, असा युक्तिवाद असतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये यातली मेख दाखवली होती. हिंदू जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर धार्मिक आहेत म्हणून. विटाळ मानणारी म्हातारी ढोंगी नव्हती. ती मनापासून अंगावर पाणी घेत होती. मग तिच्या प्रामाणिकपणाची किंमत आपण का मोजायची?

आता केकवर येऊ. जुलै २०१२ मध्ये चार्ली क्रेग आणि डेव्हिड मुलिन्स हे दोन पुरुष कोलोरॅडोतल्या 'मास्टरपीस केकशॉप'मध्ये गेले. केक कसा असावा हे बोलण्याआधीच मालक जॅक फिलिप्स यांनी समलिंगी लग्नासाठी केक करत नाही म्हणून सांगितले. कोलोरॅडोच्या कायद्यात लैंगिक कलावरून सेवा नाकारायला बंदी होती. जोडपे राज्याच्या आयोगापुढे जिंकले, राज्याच्या अपील कोर्टातही जिंकले. ४ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, सात विरुद्ध दोन. सूट द्यावी की नाही या मूळ प्रश्नाचे उत्तर न देता न्यायालयाने सांगितले, की आयोगाने फिलिप्सच्या धर्माबद्दल वैरभाव दाखवला. त्याची दोन मुख्य कारणे होती. समलिंगी लग्नाविरुद्धचा मजकूर केकवर घालायला नकार देणाऱ्या दुसऱ्या बेकऱ्यांना आयोगाने दोषी धरले नव्हते, हे एक. (मजकूर नाकारणे आणि माणूस नाकारणे यांत फरक आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीच्या प्रकरणात याच फरकावर बेकरीच्या बाजूने निकाल दिला, आणि तो फरक आम्हालाही मान्य आहे.) दुसरे कारण वाचून मात्र आम्ही थबकलो. आयोगाचा एक सदस्य सुनावणीत म्हणाला होता, की धर्मस्वातंत्र्याच्या नावाने गुलामगिरीचेही समर्थन झाले आहे आणि ज्यूंच्या संहाराचेही. त्याचे शब्द कडक होते, हे खरे. पण इतिहास तर खोटा नव्हता! पन्नास वर्षांपूर्वी जो बचाव तळटीपेत निकालात निघाला होता, त्याची नुसती वंशावळ सांगणे आता पक्षपाताचा पुरावा झाले.

३० जून २०२३ रोजी पुढचे पाऊल पडले. लग्नाच्या वेबसाइट करू इच्छिणाऱ्या एका बाईंच्या '३०३ क्रिएटिव्ह' कंपनीला सहा विरुद्ध तीन मताने मोकळीक मिळाली, यावेळी धर्माच्या नव्हे तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने. श्रद्धा धार्मिकच होती, दार फक्त दुसरे वापरले.

मधल्या काळात काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये मूळनिवासी अमेरिकनांच्या चर्चमध्ये पेयोटी ही वनस्पती सेवन केल्याबद्दल नोकरी गेलेल्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. त्यावर चिडून संसदेने १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. दुबळ्या समाजाच्या दुःखातून आलेला हा कायदा आणि त्याच्या राज्याराज्यांतल्या नकला पुढे बहुसंख्याकांच्या हातातले हत्यार बनले. मिसिसिपीने तर २०१६ मध्ये नेमक्या कोणत्या श्रद्धांना संरक्षण आहे, त्याची यादीच कायद्यात लिहिली. लग्न फक्त स्त्री-पुरुषाचे, ही तिच्यातली पहिली.

आता आपल्या घरी या. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या पंधराव्या कलमाच्या मसुद्यावर चर्चा चालू होती. त्यात 'दुकान' हा शब्द आहे. एका सदस्याने विचारले, यात धोबी, न्हावी येतात का? डॉक्टर, वकील येतात का? बाबासाहेबांनी सांगितले, की दुकान म्हणजे फक्त आत शिरण्याची जागा नव्हे. जो कुणी येईल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे, तो प्रत्येक जण यात येतो. हा प्रश्न हवेतला नव्हता. आपली हजामत करायला न्हावी धर्माच्या नावानेच नकार देत होता. कोलोरॅडोच्या बेकरीवाल्याला उत्तर मुंबईच्या बॅरिस्टरने चौसष्ट वर्षे आधी देऊन ठेवले आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

शिवाय पंचविसावे कलम पाहा. अमेरिकेच्या घटनेतले धर्मस्वातंत्र्य कागदावर बिनशर्त आहे. आपले सुरू होते तेच 'अधीन राहून' या अटीने, आणि इतर मूलभूत हक्क त्या अटीत आहेत. तरी सूट मागणारे थांबले नाहीत. मुल्कीच्या वेंकटरमण मंदिराच्या गौड सारस्वत विश्वस्तांनी मंदिर आमच्या पंथाचे म्हणून दलितांना प्रवेश नाकारला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश द्यायला लावला, पण काही खास विधींच्या वेळा त्यांच्यापुरत्या राखून दिल्या. तीही सूटच. मुंबई राज्याच्या मंदिर प्रवेश कायद्यातून सुटण्यासाठी अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी 'आम्ही हिंदूच नाही' इथपर्यंत मजल मारली. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी ते अमान्य केले. आणि २००५ मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेला घरे फक्त पारशांना विकण्याचा नियम ठेवायची मुभा मिळाली. घर शोधताना आडनाव विचारले जाणाऱ्या आपल्या तरुणांनी तो निकाल जरूर वाचावा.

म्हणून समलिंगी जोडप्यांचा प्रश्न आपला आहे, दया म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी कोरलेल्या भोकातून उद्या जात आत येईल. आणि आपल्या वस्तीतही अशी मुले-मुली आहेतच, ज्यांना जात आणि हे, दोन्ही एकाच वेळी लपवावे लागते.

२०१८ च्या नवतेज जोहर निकालाने पंधराव्या कलमातल्या 'लिंग' या शब्दात लैंगिक कल धरला. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे न्यायालयाने नाकारले, आणि घर, नोकरी, दुकान यांत अशा जोडप्यांना वाचवणारा सविस्तर कायदा आपल्याकडे नाही. उद्या त्याचा मसुदा आला, तर धर्मसंस्थांनी विधी कुणाचे लावावेत हे त्यांचे त्यांनी ठरवावे. भंतेंनाही कुणी सक्ती करू नये. पण मंगल कार्यालय, केटरर, भाड्याची खोली, दवाखाना आणि सर्वात आधी सरकारी नोंदणी अधिकारी यांच्यासाठी सूट देणारे एकही पोटकलम आपण त्यात राहू देता कामा नये. वर्णभेदातून बाहेर पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने २००६ मध्ये समलिंगी विवाह मान्य करताना सरकारी विवाह अधिकाऱ्याला सद्सद्विवेकाच्या नावाने नकाराची मुभा ठेवली होती. ते एक कलम काढून टाकायला २०२० साल उजाडले.