शेरिडन आणि एलिझाबेथ लिन्ली

रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हें नांव निघालें कीं 'स्कूल फॉर स्कँडल' आठवतें. पण १७७२ सालीं बाथ शहरांत त्याला फारसें कोणी ओळखीत नव्हतें. कीर्ति होती ती एलिझाबेथ लिन्ली या सतरा वर्षांच्या गायिकेची. एका विवाहित कॅप्टनाचा ससेमिरा चुकविण्यासाठीं ती शेरिडनबरोबर फ्रान्सला पळाली. त्यापायीं शेरिडनला दोन द्वंद्वयुद्धें करावीं लागलीं. दुसऱ्यांत तो जबर जखमी झाला. १७७३ च्या एप्रिलांत दोघांचें रीतसर लग्न लागलें.

लागलीच त्यानें तिचें जाहीर गाणें बंद केलें! घरांत दुसरी मिळकत नव्हती. तरी बायकोनें पैसे घेऊन गावें, हें त्याला कमीपणाचें वाटलें. डॉ. जॉन्सननेंही या बाण्याची वाहवा केली. आम्हांस ती पटत नाहीं. घरच्या मैफलींत ती गात असे, म्हणजे गाणें वाईट नव्हतें. वाईट होती ती मजुरी.

पुढें त्याचें दैव उघडलें. १७७५ च्या जानेवारींत 'रायव्हल्स' पहिल्या रात्रीं पडलें, पण अकरा दिवसांनीं दुरुस्त होऊन रंगलें. त्याच वर्षींच्या 'डुएन्ना'चे पहिल्याच हंगामांत ७५ प्रयोग झाले. त्याचें संगीत तिच्या बापानें व भावानें सिद्ध केलें होतें. १७७६ त गॅरिकचा ड्रुरी लेन नाटकगृहांतील हिस्सा घेण्यांत शेरिडन भागीदार झाला. एलिझाबेथ तेथील उत्पन्नाचा हिशेब ठेवी, आलेलीं नाटकें वाची. १७८० त तो पार्लमेंटांत गेला, आणि उमरावांच्या घरचे दरवाजे उघडले; तेथील स्त्रियांचेही.

१७८७ च्या फेब्रुवारींत अयोध्येच्या बेगमांवर वॉरन हेस्टिंग्जनें केलेल्या जुलुमाविरुद्ध तो पांच तासांहून अधिक बोलला. त्या भाषणाचा अभिमान एलिझाबेथलाही होता. परक्या मुलखांतील स्त्रियांसाठीं एवढा कळवळा दाखविणाऱ्या या वक्त्याचा लेडी डंकॅननशीं चाललेला संबंध पुढें लंडनभर चघळला गेला.

अखेर तीही लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्डकडे ओढली गेली. १७९२ च्या मार्चांत तिला मुलगी झाली, ती त्याची. क्षयानें खंगलेल्या बायकोची शेरिडननें शेवटीं मनापासून शुश्रूषा केली. २८ जून रोजीं ब्रिस्टलजवळच्या हॉटवेल्स येथें ती वारली, तेव्हां ती अडतीस वर्षांचीही नव्हती. मुलीला शेरिडननें आपली म्हणूनच वाढविलें. पण दुसरें वर्ष सरण्यापूर्वींच तीही गेली.