कुंडीतून उभी राहिलेली इमारत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. "काका, तुम्ही इतकी वर्षे खजिनदार होतात, हिशेबाचा इतिहास लिहा," असेही एकाने सुचवले. पण मेंटेनन्सच्या थकबाकीचा इतिहास वाचायला कोणाला आवडेल? ज्यांची थकबाकी आहे त्यांना तर नाहीच. म्हणून मी दुसराच विषय घेतला आहे. बागेच्या कडेला ज्या अकरा सिमेंटच्या वेड्यावाकड्या कुंड्या आहेत, त्यांचा इतिहास. नवीन राहायला आलेल्या मंडळींना वाटते की त्या बिल्डरने दिल्या. तसे नाही. त्या आपल्या मुलांनी केल्या आहेत.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. मुलांनी दरवर्षीप्रमाणे बागेत किल्ला केला होता. माती, विटा, पोती, वर पेरलेले अळीव, बुरुजावर मावळे, सगळे यथासांग. ऐन नरकचतुर्दशीच्या रात्री अवकाळी पाऊस आला आणि सकाळी पाहतो तर तटबंदी खाली आणि महाराज चिखलात. मुलांची तोंडे उतरली. तेव्हा बी विंगमधली एक नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "आजोबा, आपण किल्ला सिमेंटचा करूया का? म्हणजे मोडणारच नाही."

कंपाउंडच्या भिंतीच्या दुरुस्तीतून उरलेली अर्धी गोणी पंपरूममध्ये पडून होती. मी म्हटले, किल्ला नको, तो मोठा होईल. आधी छोट्या कुंड्या करून बघू. आणि मोठ्या उत्साहात आम्ही सुरुवात केली. घमेल्यात सिमेंट, वाळू, पाणी ओतले आणि माती मळतात तसे मुलांनी दोन्ही हातांनी कालवले. मी शेजारी खुर्चीवर बसून सूचना देत होतो. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे चारचारदा तपासून सही केली, पण त्या दिवशी मुलांच्या हातात काय देतोय हे एकदाही तपासले नाही.

संध्याकाळी त्या मुलीची बोटे लाल झाली. दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटली, डॉक्टरांकडे न्यावे लागले. आणखी दोघांचे हात चुरचुरत होते. तिची आई माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होते." हे वाक्य मला पुढे कित्येक दिवस झोपू देत नव्हते. एवढे करून कुंड्याही टिकल्या नाहीत. आम्ही त्या पापडासारख्या कडक उन्हात वाळत घातल्या होत्या. आठवड्याभरात कडा हाताने कुस्करता येऊ लागल्या.

मग मी वाचनालयाची वाट धरली. म्हटले, ज्या वस्तूच्या आत आपण झोपतो, ती वस्तू आहे तरी काय?

पहिली गोष्ट समजली ती ही की सिमेंट वाळत नाही. आपण "सिमेंट वाळलं का?" असे विचारतो, पण ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पाणी लवकर उडून गेले की ते अर्धपोटी राहते. म्हणून तर गवंडी स्लॅबवर पाण्याची आळी करतात, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. पूर्ण ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. मला हे लगेच पटले, कारण मुदत ठेवीसारखेच आहे. मुदतीआधी मोडली की नुकसान आपलेच.

दुसरी गोष्ट म्हणजे ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, चुन्यासारखे. हाताला लागले की लगेच काही कळत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. दोन-चार तासांनी कातडी बोलू लागते. आपल्या पूर्वजांना चुन्याचा हा स्वभाव माहीत होता. आपल्या गडांवर चुन्याची घाणी दिसते, दगडी चर आणि त्यातून बैलाने फिरवायचे दगडी चाक. त्या घाणीत चुना मळून निघायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर असे काही मिसळायचीही पद्धत होती. रोमन लोकांनी चुन्यात नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख मिसळली आणि पाण्याखालीही घट्ट होणारे काँक्रीट मिळवले. रोमच्या पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट त्याचाच. आत लोखंडाची एक सळई नाही, आणि सुमारे १९०० वर्षे उभा आहे.

पुढे ही विद्या युरोपात मागे पडली. १७५०च्या दशकात जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरला समुद्रातल्या खडकावर एडिस्टनचे दीपगृह बांधायचे होते. लाटांत टिकेल असा चुना शोधताना त्याच्या लक्षात आले की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचा चुना पाण्यात घट्ट होतो. त्यानंतर १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने चुनखडी आणि चिकणमाती भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले. घट्ट झाल्यावर ती पोर्टलंडच्या प्रसिद्ध दगडासारखी दिसते म्हणून नाव ठेवले पोर्टलंड सिमेंट. आजही गोणीवर तेच नाव असते.

आता खरी गंमत पुढेच आहे. सिमेंट झाले, पण आपल्या इमारतीचे आरसीसी कुठून आले? ते आले एका माळ्याच्या कुंडीतून!

जोसेफ मोनिये हा फ्रेंच माळी. जन्म १८२३चा, दक्षिण फ्रान्समधल्या एका कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातला. पॅरिसच्या मोठ्या बागांमध्ये संत्र्यांची झाडे कुंड्यांत लावत आणि थंडी आली की उचलून काचघरात नेत. मातीच्या कुंड्या उचलताना फुटायच्या, लाकडी पिंप कुजायचे. मोनियेने सिमेंटच्या कुंड्या करून पाहिल्या. त्या तडकायच्या. मग त्याने आधी लोखंडी तारांची जाळी वळून घेतली आणि तिच्यावर सिमेंट लिंपले. ही कुंडी तडकेना. १६ जुलै १८६७ रोजी त्याने तिचे पेटंट घेतले. लोखंडाची जाळी आत घालून सिमेंटची होडी करणारा लाँबो नावाचा आणखी एक फ्रेंच गृहस्थ त्याच्या आधी होऊन गेला होता. १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती होडी लोकांनी पाहिली होती. पण कुंडीपासून पुढे पुढे जात राहिला तो मोनिये. कुंडीनंतर पाण्याचे नळ, मग टाक्या, मग भिंतींच्या फरश्या, आणि १८७५ साली शाझले येथील वाड्याच्या खंदकावर चक्क पूल.

असे का होते? सिमेंट-काँक्रीट दाबले तर भक्कम, ताणले तर दुबळे. लोखंड ताण सहन करते. उन्हाने दोघेही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून एकमेकांना सोडत नाहीत. आणि सिमेंटचा जो दाहक गुण त्या मुलीच्या बोटांना भाजला, तोच गुण आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

मोनियेचे पेटंट जर्मनीतल्या लोकांनी विकत घेतले. इंजिनिअरांनी गणिते मांडली, उद्योग उभे राहिले. जर्मन भाषेत तर आरसीसीच्या सळईला मोनियेचेच नाव पडले. त्याचे स्वतःचे मात्र १८८८ साली दिवाळे निघाले. १९०६ साली तो गेला. कारभार कसा करायचा हे त्या माळ्याला कोणी शिकवले नसावे, बँकवाला म्हणून मला तरी तसेच वाटते.

आपल्याकडे १९०४ साली मद्रासला सिमेंट बनवण्याचा पहिला प्रयत्न झाला. टिकाऊ सुरुवात १९१४ साली पोरबंदरला झाली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती १९३०च्या दशकापासूनच्या, आरसीसीच्या. त्यांना आता जागतिक वारशाचा मान आहे. माझ्या पिढीला मात्र सिमेंट म्हटले की परमिट आठवते. घराला गिलावा करायचा तर गोण्यांसाठी अर्ज करा, खेटे घाला. १९८२मध्ये नियंत्रण थोडे सैल झाले, १९८९मध्ये पूर्ण उठले. माझ्या वडिलांनी परमिटच्या गोण्या पाहुण्यांसारख्या आतल्या खोलीत ठेवल्या होत्या. ओल लागून त्यातल्या दोन दगड झाल्या, त्यांची पुढे अंगणात पायरी केली.

आणि एक नाव सांगायलाच हवे. नेकचंद. चंदीगडच्या बांधकाम खात्यातला साधा रस्ता निरीक्षक. १९५७पासून त्याने सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, फुटक्या फरश्या, कपबशा सिमेंटमध्ये बसवून माणसे, पक्षी, प्राणी उभे केले. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा ते पाडायचे की काय असा प्रश्न आला. पण १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. तेच रॉक गार्डन.

इतके वाचून झाल्यावर पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी पुन्हा मुलांना हाक मारली. या वेळी आधी प्रत्येक घरी जाऊन आईवडिलांना विचारले. त्या मुलीच्या घरची बेल वाजवताना माझा हात जड झाला होता. तिच्या आईने दार उघडले, ऐकून घेतले आणि आत वळून विचारले, "जायचंय का गं?" ती आतून रबरी हातमोजे घेऊनच आली.

कोरडे सिमेंट मी एकट्यानेच, तोंडाला फडके बांधून मिसळले. मुलांना हातमोजे, बाह्या पूर्ण, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली, थेंब उडाला की लगेच धुवायचे. एक वाटी सिमेंट, दोन वाट्या चाळलेली बारीक वाळू, पाणी बेताचे. लाडू वळता येईल इतपतच. लहानांनी अळूची पाने केली. ओल्या वाळूचा उंचवटा करायचा, त्यावर अळूचे पान शिरांची बाजू वर करून ठेवायचे, वर बोटभर जाडीचा थर थापायचा. दोन दिवसांनी उलटून पान सोलले की प्रत्येक शीर उमटलेली! चिमण्यांना पाणी ठेवायला उत्तम. मोठ्यांनी कुंड्या केल्या. तेल लावलेल्या मोठ्या डब्यात लहान डबा ठेवून मधल्या फटीत मिश्रण भरायचे, आत मोनियेची आठवण म्हणून कोंबडीजाळीचा तुकडा, तळाला भोकासाठी तेल लावलेली काठी. नेकचंदच्या नावाने वर फुटक्या बांगड्या.

आणि मग पाणी मारणे. एकेका मुलाची पाळी लावून वही केली. ओली पोती गुंडाळून २८ दिवस सावलीत. "अजून किती दिवस?" हा प्रश्न मी रोज ऐकला. त्यानंतर कुंड्या पाण्याने भरून, पाणी बदलत, चुन्याचा अंश धुऊन काढला आणि मगच झाडे लावली. बारा झाल्या, एक फुटली, अकरा राहिल्या. सिमेंटचा किल्ला मात्र पुन्हा कोणी मागितला नाही. तो दरवर्षी मोडायचा आणि दरवर्षी नव्याने करायचा, हे मुलांनाच उमगले असावे.

मागच्या पावसाळ्यात त्यातली एक कुंडी एका बाजूने फुगून तडकली. पाहिले तर तिथे जाळी कडेला आली होती, वर सिमेंटचा थर जेमतेम नखाएवढा. पाणी आत गेले, लोखंड गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो बाहेर ढकलतो. नेमके तेच आपल्या सी विंगच्या पार्किंगमधल्या खांबाला झाले आहे. तिथला गिलावा पडून सळई दिसते आहे. वरची गळती किती वर्षे आपण "पुढच्या सभेत बघू" म्हणत ठेवली, हे इतिवृत्तात आहे. त्यातल्या काही सभांच्या इतिवृत्तावर माझीच सही आहे.

म्हणून या स्मरणिकेत दोनच विनंत्या. स्ट्रक्चरल ऑडिटचा आणि गळती दुरुस्तीचा ठराव येईल तेव्हा वर्गणीचा आकडा पाहून हात खाली घेऊ नका. आणि येत्या मे महिन्यात मुलांना कुंड्या करू द्या. मला आता वाकता येत नाही, पण हातमोजे मी आणून ठेवीन.

ती मुलगी आता नोकरीला परगावी असते. दिवाळीला आली होती. जाताना बागेत थांबून तिने आपली कुंडी शोधली, कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आजोबा, माझी अजून चांगली आहे." मी म्हटले, "हो. तिला पाणी नीट मिळालं होतं."