विक्रियायंत्रणा : उसातील साखरेचे अपवृत्तन

रासायनिक समीकरणावरून विक्रियेचा आरंभ आणि शेवट कळतो. मधल्या काळात कोणते बंध कोणत्या क्रमाने तुटले व जुळले, याच्या वर्णनाला विक्रियायंत्रणा म्हणतात आणि एकाच आण्विक घटनेत पुरा होणारा तिचा प्रत्येक टप्पा म्हणजे प्राथमिक पायरी होय. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा शिरोळ तालुका हा ऊसपट्टा असून तेथे श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे. अशा भागात या संकल्पनेचे जवळचे उदाहरण म्हणजे साखरेचे अपवृत्तन. त्यात सुक्रोजच्या, म्हणजे उसातील साखरेच्या, एका रेणूची पाण्याच्या एका रेणूशी विक्रिया होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात आणि तितका साखर-उतारा घटतो.

सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर विघटनानंतरचे मिश्रण डावीकडे. या फरकाच्या आधारे लुडविख विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये विक्रियेचा वेग मोजला आणि तो शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो, असे दाखवले.

आम्लात प्रथम दोन शर्करांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर प्रोटॉन झटकन बसतो. मग तो बंध सावकाश तुटून धनभारित, अल्पायुषी मध्यस्थ निर्माण होतो आणि शेवटी पाणी त्याला त्वरेने चिकटते. सर्वांत मंद असलेली दुसरी पायरी एकूण वेग ठरवते. मात्र पाणी विपुल असल्याने त्याचे प्रमाण बदलत नाही, म्हणून केवळ वरच्या वेगनियमावरून ते मंद पायरीत सामील नाही असे म्हणता येत नाही. प्रोटॉनाचे संक्रमण मात्र मंद पायरी नव्हे, याला भक्कम पुरावा आहे : जड पाण्यात प्रोटॉनाची जागा सावकाश सरकणारा जड ड्युटेरॉन घेतो, तरी ही विक्रिया मंदावण्याऐवजी अधिक वेगाने होते.

तोडलेल्या उसात हेच समीकरण इन्व्हर्टेज हे विकर वेगळ्या वाटेने पुरे करते. तेथे फ्रुक्टोजचा भाग आधी विकराशी बंधाने जोडला जातो व नंतर पाणी त्याला सोडवते. मायकेलिस व मेंटेन यांचे १९१३ चे विकरगतिशास्त्र याच विकरावरील प्रयोगांतून उभे राहिले.

यंत्रणा दोन असल्याने अपवृत्तन रोखण्याचे उपायही दोन आहेत. विकराचे काम थांबवण्यासाठी ऊस तोडणीनंतर लवकर गाळावा लागतो. रस तापवल्यावर विकर निकामी होते, पण त्याच उष्णतेने आम्लाची वाट वेग घेते, म्हणून रसात पाण्यात कालवलेला चुना घालून आम्लता मारली जाते. चुना जास्त झाल्यास मात्र ग्लुकोज व फ्रुक्टोजचे अल्कलीत विघटन होऊन रस काळवंडतो.