लोहगडाचा किल्लेदार आणि फासा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांना भूमिका-खेळाची अर्धी ओळख आधीच झालेली असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळही टेबलावर चिमुकले सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतूनच उपजला. फरक असा की, येथे खेळाडू सैन्य हलवीत नाही. तो एक पात्र होतो. निवेदक प्रसंग सांगतो, खेळाडू आपली कृती सांगतो आणि जे अनिश्चित असेल त्याचा निवाडा फासा करतो.

नवख्यांसाठी मावळातलाच प्रसंग घ्यावा. राक्षस आणि मांत्रिक मागाहून आले तरी चालतील. मार्च १८१८. शेजारचा, लोहगडाहून उंच असलेला विसापूर इंग्रजांनी घेतला आहे. तुम्ही लोहगडाचे किल्लेदार. काय कराल?

प्रत्यक्षात लोहगडही लगोलग, लढाईविना गेला. वाचताना हे एक वाक्य असते. निर्णय आपल्यावर आला की तोफांचा पल्ला, सोबत्यांचे जीव, सारेच तोलावे लागते. ऐतिहासिक कादंबरीकारही हेच करतो, पण शेवट त्याच्या हाती असतो. खेळाडूच्या हाती तो नसतो. त्या किल्लेदाराच्याही नव्हता.