हुंडणावळ

आमच्या आज्जींच्या तोंडी 'शहाजोग' हा शब्द नेहमी असायचा. "दिसतीय मोठी शहाजोग!" म्हणून त्या नाक मुरडायच्या. हा शब्द मूळचा हुंडीतला, हे मला फार उशिरा कळलं.

शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. कागद चोराच्या हाती पडला तरी पेढीवर त्याला ओळखणार कोण? हुंडी हरवली तर तिची 'पेठ', म्हणजे दुसरी प्रत मिळे; तीही हरवली तर 'परपेठ'. मुर्शिदाबादच्या जगत्शेठांसारख्या जैन पेढ्यांचे मोठमोठे व्यवहार अशा कागदांवर चालले. या सोयीचा मोबदला म्हणजे हुंडणावळ.

परदेशी जाणाऱ्यांसाठी अमेरिकन एक्स्प्रेसने 1891 साली ट्रॅव्हलर्स चेक काढला. एक सही घेताना, दुसरी वटवताना. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं. आपल्याकडे मात्र 1973 च्या 'फेरा' कायद्याने परकीय चलन मोजूनमापूनच मिळे. त्याच्या जागी आलेला 'फेमा' जून 2000 मध्ये लागू झाला आणि हात जरा सैल झाला.

कागद बदलले, हुंडणावळ राहिलीच. आता तिला 'फॉरेक्स मार्कअप' म्हणतात. साडेतीन टक्के असेल तर लाखाच्या खर्चावर 3,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630. म्हणजे 4,130 रुपये गेले! म्हणून कार्ड निवडताना बक्षिसाचे पॉइंट नंतर बघा, आधी हुंडणावळ विचारा. काही कार्डांवर ती शून्य असते. पण वार्षिक फी किती, तेही विचारा. परदेशात दुकानदाराचं मशीन "रुपयांत की इथल्या चलनात?" असं विचारतं. आपण भुलून रुपये म्हणतो आणि दर त्यांचा लागतो. तिथलंच चलन निवडा. क्रेडिट कार्डावर रोकड काढू नका, व्याज त्याच दिवसापासून चढतं. आणि निघण्याआधी कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्या; 2020 पासून नवीन कार्डावर तो बंदच असतो.

हे सगळं मी ठेच लागून शिकले. लेकीकडे लंडनला गेले, तेव्हा माझ्याकडे ह्यांच्या खात्यावरचं जोडकार्ड होतं. रेल्वेचं तिकीट काढायला बसले, तर ओटीपी गेला ह्यांच्या मोबाइलवर. तिकडे रात्रीचे आठ, इकडे बेळगावात मध्यरात्र उलटलेली, हे गाढ झोपलेले! कार्डावर नाव माझं होतं, पण पत त्यांची. घरचा सगळा हिशोब पस्तीस वर्षं मी लिहिला, आणि बँकेच्या लेखी शहाजोग मात्र हेच.

परत आल्यावर पहिलं काम काय केलं? माझ्या नावच्या ठेवीवर माझं स्वतःचं कार्ड घेतलं. पगार नसला तरी बऱ्याच बँका असं कार्ड देतात. मर्यादा लहान आहे, पण ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो.

आज्जी असत्या तर म्हणाल्या असत्या, "आता झालीस गं खरी शहाजोग!" आणि या खेपेला नाक मुरडलं नसतं.