ऑइल फॉर फूड घोटाळा : अहवाल एकच, पण प्रत्येक देशात शिक्षा वेगळी

६ डिसेंबर २००५. नटवर सिंह यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. महिनाभर आधीच त्यांच्याकडून परराष्ट्र खातं काढून घेण्यात आलं होतं. कारण काय, तर संयुक्त राष्ट्रांच्या एका चौकशी अहवालात, तेल मिळालेल्यांच्या तक्त्यात त्यांचं नाव आलं होतं.

त्याच अहवालात जगभरातल्या दोन हजारांहून जास्त कंपन्यांची नावं होती. पण पुढे प्रत्येक देशात वेगळंच घडलं. कुणाचं मंत्रिपद गेलं, कुणी तुरुंगात गेलं, कुणी दंड भरून मोकळं झालं आणि अनेकांच्या केसालाही धक्का लागला नाही. हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात इराकपासून करावी लागते.

योजना काय होती?

२ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या इराकने कुवेतवर हल्ला केला. चारच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इराकवर व्यापारी निर्बंध लादले. इराकची कमाई तेलावर होती आणि तेच विकता येईना. त्याची झळ सद्दामच्या महालांपेक्षा सामान्य घरांना बसली. अन्न आणि औषधांची टंचाई झाली.

यावर १९९५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९८६ करून तोडगा काढला. इराकने तेल विकायचं, पण पैसे इराक सरकारच्या हातात द्यायचे नाहीत. ते संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या बँक खात्यात जमा होणार आणि त्यातून अन्न, औषधं आणि गरजेच्या वस्तू घेतल्या जाणार. हीच 'ऑइल फॉर फूड' योजना. डिसेंबर १९९६ पासून तेल बाहेर जाऊ लागलं.

डिसेंबर २००० नंतरचा हिशोब पाहिला, तर खात्यात आलेल्या दर १०० डॉलरपैकी ७२ डॉलर इराकी लोकांसाठी होते. २५ डॉलर कुवेतवरच्या हल्ल्यात नुकसान झालेल्यांच्या भरपाईसाठी आणि उरलेले ३ डॉलर संयुक्त राष्ट्रांचा खर्च व शस्त्रास्त्र तपासणीसाठी जात.

२००३ मध्ये योजना बंद होईपर्यंत इराकने सुमारे ६,४०० कोटी डॉलरचं तेल विकलं. इराकमधली बहुसंख्य कुटुंबं या योजनेतून येणाऱ्या रेशनवर जगत होती.

मग भोक कुठे होतं?

एकाच अटीत. तेल कुणाला विकायचं आणि माल कुणाकडून घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार इराक सरकारकडेच राहिला. सद्दाम सरकारने त्यातून दोन वाटा काढल्या.

पहिली वाट तेलाची. तेलाची अधिकृत किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी राहील, असा इराकचा प्रयत्न असे. त्यामुळे ज्याला तेलाचा कोटा मिळेल, त्याला बसल्या जागी नफा. निर्बंधांना विरोध करतील, अशा परदेशी राजकारण्यांना आणि मित्रांना हे कोटे वाटले गेले. त्यांच्याकडे ना जहाज होतं, ना रिफायनरी. ते आपला कोटा एखाद्या तेल व्यापाऱ्याला द्यायचे आणि कमिशन घ्यायचे. समजा २० लाख बॅरलचा कोटा आहे आणि बॅरलमागे १० सेंट सुटतात, तर हातात २ लाख डॉलर येतात.

२००० च्या अखेरीस इराकने या नफ्यात वाटा मागायला सुरुवात केली. बॅरलमागे साधारण १० ते ३० सेंट, तेही चोरून. जॉर्डन आणि लेबनॉनमधल्या बँक खात्यांत किंवा थेट इराकी दूतावासात रोख. या अधिभारातून सद्दाम सरकारला सुमारे २२.९ कोटी डॉलर मिळाले.

दुसरी वाट मालाची आणि मोठा पैसा इथेच होता. इराकला माल विकणाऱ्या कंपन्यांकडून 'अंतर्गत वाहतूक' आणि 'विक्रीपश्चात सेवा' अशा नावांनी पैसे मागितले जात. सेवेच्या नावाखाली साधारण १० टक्के. ज्या मालाला अशी कुठलीही सेवा लागत नाही, त्यावरही.

कंपनीच्या खिशाला याची तोशीस नव्हती. १०० डॉलरच्या औषधांचं बिल ११० डॉलरचं लावायचं, संयुक्त राष्ट्रांच्या खात्यातून ११० घ्यायचे आणि त्यातले १० गुपचूप इराक सरकारला परत करायचे. म्हणजे लाच कंपनी देत होती, पण पैसा इराकी जनतेच्या अन्न-औषधांचा होता. ही रक्कम सुमारे १५५ कोटी डॉलर.

व्होल्कर समितीने काय केलं?

सद्दामची सत्ता गेल्यानंतर जानेवारी २००४ मध्ये बगदादच्या 'अल मदा' या वृत्तपत्राने तेलाचे कोटे मिळालेल्यांची यादी छापली आणि खळबळ उडाली. एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतंत्र चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर.

२७ ऑक्टोबर २००५ ला समितीने अंतिम अहवाल दिला. पण तिची मर्यादा इथेच होती. समिती नावं जाहीर करू शकत होती, खटला भरू शकत नव्हती. पुढचं काम ज्या त्या देशाचं होतं.

कोणत्या देशात काय झालं?

भारत : अहवालात तेलाचे लाभार्थी म्हणून नटवर सिंह आणि काँग्रेस पक्ष अशा दोन स्वतंत्र नोंदी होत्या. या कोट्यांतलं अनुक्रमे सुमारे १९ लाख आणि १० लाख बॅरल तेल मेसफील्ड या स्विस कंपनीने उचलल्याचं त्यात म्हटलं होतं. सरकारने माजी सरन्यायाधीश आर. एस. पाठक यांच्याकडे चौकशी सोपवली. ऑगस्ट २००६ मध्ये पाठक यांचा अहवाल आला. नटवर सिंह आणि त्यांचे आमदार पुत्र जगत सिंह यांनी कंत्राटं मिळवून देण्यासाठी आपलं वजन वापरलं, पण त्यांना पैसे मिळाल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष होता. काँग्रेस पक्षाविरुद्धही पुरावा नसल्याचं त्यात म्हटलं होतं. नटवर सिंह यांनी आरोप कायम फेटाळले. पक्षाने त्यांना निलंबित केलं आणि २००८ मध्ये ते काँग्रेसमधून बाहेर पडले. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं नव्हतं.

ऑस्ट्रेलिया : गव्हाच्या निर्यातीची मक्तेदारी असलेल्या एडब्ल्यूबी कंपनीने सर्वांत मोठी रक्कम दिली होती, २२ कोटी डॉलरहून जास्त. पैसे गेले अलिया या जॉर्डनच्या कंपनीला, गव्हाच्या वाहतुकीच्या नावाखाली. प्रत्यक्षात अलियाने गहू वाहिलाच नव्हता. कोल चौकशी आयोगापुढे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना स्वतः साक्ष द्यावी लागली. आयोगाने मंत्र्यांवर ठपका ठेवला नाही. कंपनीची मक्तेदारी मात्र गेली. पोलिसांचा फौजदारी तपास २००९ मध्ये गुंडाळला गेला, पण कंपनीच्या माजी प्रमुखांना दिवाणी खटल्यात दंड झाला.

अमेरिका : इथे खटले वेगाने चालले. टेक्सासचे तेलसम्राट ऑस्कर वायट यांनी २००७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्यांना एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. त्याच वर्षी शेव्हरॉनने ३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

फ्रान्स : टोटल ही तेल कंपनी २०१३ मध्ये निर्दोष सुटली. २०१६ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि तिला साडेसात लाख युरो दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीसाठी ही रक्कम किरकोळच.

संयुक्त राष्ट्रांचं काय?

योजनेचे प्रमुख बेनन सेव्हन यांनी तेलाच्या व्यवहारातून जवळपास दीड लाख डॉलर घेतल्याचा निष्कर्ष समितीने काढला. सेव्हन यांनी तो नाकारला. २००७ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर आरोप ठेवले गेले, पण तोवर ते मायदेशी, सायप्रसला गेले होते.

यापेक्षा मोठी गोष्ट योजनेच्या बाहेर घडत होती. निर्बंधांच्या काळात इराकने तेलाच्या तस्करीतून सुमारे १,१०० कोटी डॉलर कमावले. योजनेतल्या लाचेच्या सहापट. जॉर्डन आणि तुर्कस्तानकडे जाणारं तेल सुरक्षा परिषदेच्या सदस्य देशांना ठाऊक होतं. शेजारी मित्रदेश दुखावू नयेत म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला. त्यासाठी कुणालाही खुर्ची सोडावी लागली नाही.

भारतासाठी प्रश्न अजून संपलेला नाही

भारतात या प्रकरणाची चर्चा एका मंत्र्याच्या राजीनाम्याभोवती फिरली आणि तिथेच थांबली. परदेशी सरकारला लाच देणाऱ्या कंपनीचं काय करायचं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०११ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं गुन्हा ठरवणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला मान्यता दिली होती आणि असा कायदा करणं हा त्या कराराचाच भाग आहे. तरीही २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. त्यानंतर असा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

राजीनाम्याने राजकीय जबाबदारीचा प्रश्न मिटतो. लाच देणाऱ्यांना जाब विचारायला मात्र कायदाच लागतो, आणि इराकच्या रेशनमधून गेलेल्या पैशांचा जाब जिथे कायदा होता, तिथेच थोडाफार विचारला गेला.