खाचेत बसलेली मराठी

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे रेणापूर हे रेणुकेच्या देवळासाठी आणि रेणा नदीवरच्या धरणासाठी ओळखले जाते. संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव कोणी घेणार नाही. तरीही या इतिहासाकडे पाहायला हे गाव सोयीचे आहे, कारण इथल्या दप्तराने लिपीची स्थित्यंतरे फार थोड्या काळात पाहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत इथला सरकारी व्यवहार उर्दूत चाले. जुने मराठी कागद मोडीत होते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे दोन्ही वाचणारे जाणकार हुडकावे लागले. उर्दू-मोडीच्या जागी बाळबोध लिपी आली आणि मग बाळबोधाच्या जागी पडदा. पहिल्या बदलाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. दुसरा कसा झाला याबद्दल मात्र एक सोपी समजूत रूढ आहे: संगणकात मराठी टाकली, की ती दिसू लागली. ती टाकायची कुठे, हा प्रश्न त्या समजुतीत गळून पडतो.

जुन्या डॉसच्या पडद्यावर ८० उभे रकाने आणि २५ ओळी असत. प्रत्येक घरात एक अक्षर, आणि अक्षरांचे साचे डिस्प्ले कार्डावरच्या रॉम चिपमध्ये कोरलेले. साचे एकूण २५६. इंग्रजीला ते उरून पुरत. मराठीत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे, उकार खाली, रफार डोक्यावर, आणि जोडाक्षरांची गणती वेगळीच. म्हणजे अडचण प्रोग्रॅममध्ये नव्हती, त्याच्या खालच्या थरात होती, आणि उत्तरही तिथेच शोधावे लागले. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून 'जिस्ट' तंत्र उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तिकडे गेले. जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवले, की डीबेस, लोटस, वर्डस्टार यांसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही देवनागरी दाखवू लागत. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसे. तो आपला ८ बिटांचे आकडे पाठवी, आणि इस्की या संकेताप्रमाणे (१९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रमाण झालेल्या) त्यांतून अक्षरे जुळवायचे काम कार्ड करी. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा असला, तरी संगणकाच्या पडद्यावर तो पाळायची सोय झाली ती अशा कार्डांमुळे.

हे शक्य झाले याचे श्रेय कानपूर-पुण्याच्या कर्तबगारीला आहेच, पण यंत्राच्या रचनेलाही आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला आणि त्याच्या पाठीवर मोकळ्या खाचा ठेवल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८२ च्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणखी एक सोय झाली. यंत्र सुरू होताना बायोस मेमरीचा ठरावीक पट्टा तपासत जाई. ५५ एए ही खूण सापडली, की तिथे कार्डाचा स्वतःचा रॉम आहे असे धरून, बेरीज जुळल्यास, काही काळ ताबा त्याच्याकडे देई. हार्ड डिस्कचे कार्ड, १९८४ चे ईजीए ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचे कार्ड ही सगळी या दारातून आत आली. नव्वदच्या दशकात डिस्क महाग होती, तेव्हा कित्येक संगणक-वर्गांत डिस्कलेस नोड असत. नेटवर्क कार्डावरच्या रिकाम्या सॉकेटात बूट रॉम बसवला, की यंत्र नॉवेलच्या सर्व्हरवरून सुरू होई. या मांडणीमागचा हिशेब सरळ होता. बोर्ड, पडदा आणि तार ही तिन्ही एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत, तेव्हा त्यांना चालवणारे प्रोग्रॅमही वेगवेगळे बदलता आले पाहिजेत. माझे म्हणणे असे, की मराठीला पडद्यावर जागा मिळाली ती या वेगळेपणामुळे, आणि आज गमावले आहे ते नेमके हेच वेगळेपण.

गमावले ते कोणाच्या कारस्थानाने नव्हे, स्वस्ताईने. ग्राफिक्स आधी चिपसेटमध्ये आणि मग प्रोसेसरमध्येच गेले. नेटवर्कची चिप बोर्डावर आली. कार्ड उरले नाही, तसा कार्डाचा रॉमही उरला नाही. पडदा उजळवणारा आणि नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्रॅम बोर्डाच्या बायोसच्या पोटात एक मॉड्यूल होऊन बसला. बोर्ड बनवणाऱ्याने शेवटचा बायोस ज्या दिवशी काढला, त्या दिवशी ही मॉड्यूलही गोठली. चिपच्या कर्त्याने पुढे सुधारित मॉड्यूल काढले, तरी ते त्या बोर्डावर पोहोचायला बोर्डवाल्याची मर्जी लागते. काही वर्षे हौशी आणि दुरुस्तीवाल्या मंडळींनी यातून वाट काढली. अवॉर्डच्या बायोससाठी सीबीरॉम, एएमआयसाठी एमएमटूल अशी अवजारे होती. बायोसची फाइल उघडायची, जुना ग्राफिक्स किंवा लॅनचा रॉम बाहेर काढायचा, त्याच चिपच्या क्रमांकाचा नवा आत घालायचा, फाइल चिपमध्ये उतरवायची. चुकले तर बोर्ड मेला. मग चिमट्याने आठ पायांची चिप पकडून बाहेरच्या प्रोग्रॅमरने ती पुन्हा लिहायची. या कारागिरीची दखल कोणी घेतली नाही, पण कार्डे गेल्यावर जुने वेगळेपण टिकवले ते तिनेच.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हलका नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने आशियाभर संगणक बंद पाडले. काही बोर्डांच्या फ्लॅश चिपमध्ये त्याने कचरा लिहिला, कारण तिथे कोणालाही लिहिता येत होते. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने बायोस-संरक्षणाची तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ पासून इंटेलच्या बूट गार्डमुळे, बोर्डवाल्याने तो लागू केला असेल तर, त्याच्या सहीविना बदललेला बायोस चालूच होत नाही. तहसिलीतल्या ज्या यंत्रावर सातबाऱ्याचे फेरफार होतात, त्यात वाटेल त्याने मॉड्यूल घालावे असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण सही एवढेच सांगते, की मजकूर कोणाचा आहे. तो शिळा आहे की ताजा, हे ती सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या क्वार्क्सलॅबने 'पिक्सीफेल' नावाने नऊ दोष जाहीर केले. ते नेटवर्कवरून बूट करणाऱ्या भागातच होते, आणि एएमआय, इनसाइड, फिनिक्स या तिन्ही मोठ्या बायोसकर्त्यांना ते लागू होते. पाठिंबा संपलेल्या बोर्डात हे दोष सहीसकट, कुलूपबंद तसेच राहिले. चोर घरात असताना बाहेरून कडी घालावी, तसा हा बंदोबस्त आहे.

दुसरा आक्षेप असा, की मराठीने हार्डवेअर कधीच सोडले. पीसी ९९ या नियमावलीने जुन्या आयएसए खाचा मोडीत काढल्या, पाठोपाठ विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, आणि जिस्ट कार्डाचे काम सॉफ्टवेअरने उचलले. म्हणजे खालच्या थराची काळजी करण्याचे कारण संपले, असे म्हणता येईल. यातला पूर्वार्ध खरा आहे आणि स्वागतार्हही. खाचेवर अवलंबून राहिलेली भाषा खाचेबरोबर गेली असती. पण वर मराठी सुखरूप आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला बदलता येते म्हणून. बायोसच्या पडद्याला हे लागू नाही. जुन्या बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या ठरीव साध्या फॉन्टमध्ये अक्षराचे अरुंद घर ८ बाय १९ ठिपक्यांचे, रुंद घर १६ बाय १९ चे. त्यात 'राष्ट्र' लिहून पाहावे. पासवर्ड मागणारी किंवा डिस्क बिघडल्याचे सांगणारी ओळ इंग्रजीतच येते, आणि ती बदलण्याचे दार आता आपल्या हाती नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: रेणापूरच्या सेवा केंद्रात बसलेल्याला पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारे मॉड्यूल) आणि जीओपी (यूईएफआयमध्ये पडदा उजळवणारे मॉड्यूल) कशाला हवेत? नेटवर्क बूट लागत नसेल तर ते सेटअपमध्ये बंद करावे, हे मान्य. ग्राफिक्सचे तसे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला यूईएफआय पद्धत लागते, आणि जुनी पद्धत पूर्ण बंद केली की ज्या ग्राफिक्स कार्डाच्या रॉममध्ये जीओपी मॉड्यूल नाही, ते सुरुवातीचा पडदा दाखवू शकत नाही. एरवी धडधाकट यंत्र अशा वेळी भंगारात निघते. त्यात बाहेरच्या कार्डांचे रॉम खरे ठरवणारे मायक्रोसॉफ्टचे २०११ चे प्रमाणपत्र जून २०२६ पर्यंतचेच. जुने रॉम त्यानंतरही चालतील, पण २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेले नवे रॉम ओळखायला बोर्डाच्या चिपमध्ये ते नवे प्रमाणपत्र असावे लागते. मोठ्या शहरातली कंपनी दर चार-पाच वर्षांनी यंत्रे बदलते आणि हा प्रश्न तिला फारसा दिसतच नाही. तालुक्याच्या गावी यंत्र दुप्पट काळ राबते, म्हणून तिथे तो आधी दिसतो. सरकारी खरेदीत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्याबरोबर आणखी दोन ओळी घालणे अवघड नाही: बोर्डाचा बायोस, त्यातल्या ग्राफिक्स आणि नेटवर्क मॉड्यूलसह, किती वर्षे अद्ययावत मिळेल, आणि ती मुदत संपल्यावर सहीची किल्ली कोणाच्या हाती असेल.